कोर्ट मार्शल राहिलंच की

वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेतला जुना सरहद्दीवरचा शिकारी डॅनियल बून शॉनी या आदिवासी लोकांच्या कैदेतून पळून आला तेव्हा केंटकीतल्या बून्सबरो या किल्लेवजा वस्तीत त्याचं हिरोसारखं स्वागत झालं. पळून आला हे खरंय, जून १७७८ मध्ये साधारण १६० मैल चार-पाच दिवसांत कापून, पण स्वागताचं काही पटत नाही. मुळात हे सगळं घडलं मिठापायी. मांस टिकवायला किल्ल्यात मीठ उरलं नव्हतं म्हणून जानेवारीत तीसेक माणसं घेऊन तो ब्लू लिक्सच्या खाऱ्या झऱ्यांवर गेला, तिथलं खारं पाणी इतकं पातळ की मोठमोठ्या कढया दिवसरात्र उकळत ठेवायच्या तेव्हा कुठे तळाला थोडं मीठ दिसणार. फेब्रुवारीत शिकारीला गेलेला बून एकटाच शॉनींना सापडला आणि मग त्यानेच आपल्या माणसांना जाऊन सांगितलं की लढू नका, शरण या. त्याचं म्हणणं, नाहीतर शॉनी सरळ किल्ल्यावर गेले असते. त्यात शॉनींचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानून शेल्टोवी म्हणजे मोठं कासव असं नावही दिलेलं, मग लोकांना संशय येणारच ना! बरं, परत आला तर बायको रेबेका तो मेला समजून मुलांना घेऊन नॉर्थ कॅरोलायनाला गेलेली, घरची म्हणाल तर फक्त लेक जेमायमा थांबलेली. सप्टेंबरात किल्ल्याला शॉनींचा वेढा पडला, त्यात तो लढला, आणि वेढा उठल्यावर कॅलवे आणि लोगन या त्याच्याच बाजूच्या अधिकाऱ्यांनी फितुरीचे आरोप ठेवून त्याचं कोर्ट मार्शल करवलं. सुटला, वर मेजरही झाला, पण त्या प्रकरणाबद्दल पुढे फारसं बोलायचा नाही म्हणतात.

आणि हो, त्याच्या चित्रांत दिसते ती रकूनच्या कातड्याची टोपी तो घालायचाच नाही, साधी फेल्ट हॅट असायची :)