किनाऱ्यावरचे स्वयंसेवक: सेवा की फुकटची मजुरी?

खारा_वारा
परवा इथे 'रोखठोक' यांनी लिहिलं: "सिडनीसारख्या श्रीमंत शहराने लोकांचे जीव हौशी मंडळींवर सोपवणं ही लाज आहे. सर्फ लाइफसेव्हिंग क्लब बंद करा, सगळीकडे पगारी लाइफगार्ड नेमा." डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

साहेब, सिडनीच्या बाँडाय बीचवर पगारी लाइफगार्ड आहेतच. कौन्सिलचे (म्हणजे तिथल्या नगरपालिकेचे), निळ्या कपड्यांतले, बारा महिने. लाल-पिवळ्या टोपीतले क्लबवाले स्वयंसेवक हंगामात शनिवार-रविवार आणि सुट्टीला येतात, म्हणजे मुंगी शिरायला जागा नसते तेव्हा. आणि 6 फेब्रुवारी 1938 विसरलात? एकामागून एक लाटा आल्या आणि शेकडो माणसं आत ओढली गेली. सुमारे 250 जणांना बाहेर काढलं, 5 दगावले. क्लबची पोरं शर्यतीसाठी किनाऱ्यावर जमलेली होती म्हणून आकडा तिथेच थांबला. कुठल्या कौन्सिलने एका बीचवर इतके पगारी लोक ठेवले असते?

रोखठोक
1938 काढलं की झालं! काम इतकं मोलाचं आहे तर पैसे का देत नाही? आग विझवायला हौशी माणूस चालेल का तुम्हाला?

गमबूट
चालतो की. न्यू साउथ वेल्समध्ये वणवे विझवणारे बहुतेक स्वयंसेवकच असतात. जरा शहराबाहेर पडा.

रोखठोक
बरं, माहितीबद्दल धन्यवाद. पण वणवेवाल्यांकडे समुद्र दिसणारा बार नसतो! मोक्याच्या सरकारी जागेवर क्लबहाउस, वर लग्नाला भाड्याने हॉल. सेवा म्हणे.

निपरची_आई
बारचं सोडा, माझं ऐका. मुलीला निपर्समध्ये, म्हणजे क्लबच्या लहान मुलांच्या वर्गात घातलं. पाचव्या वर्षापासून घेतात, छान वाटलं. पहिल्याच रविवारी एक बाई माझ्या हातात नारिंगी जाकीट कोंबून म्हणाली, "पालकांनी हातभार लावायचा असतो." मला गुडघ्यापलीकडे पाण्यात जाता येत नाही! नवऱ्याला ब्राँझ मेडॅलियनच्या, म्हणजे गस्तीसाठी लागणाऱ्या परीक्षेच्या मागे लावलं. 400 मीटर 9 मिनिटांच्या आत पोहायचं. गडी हिवाळाभर पूलमध्ये हापसत होता, घरात सगळीकडे क्लोरीनचा वास.

खारा_वारा
झाला ना पास?

निपरची_आई
झाला. आता दर वर्षी पुन्हा चाचणी, आणि रविवारी घरात हक्काचा माणूस नाही. याचा पगार कोण देणार?

आजोबा_कूजी
मुलांना वाळूत सोडून कॉफी प्यायला जाणारे पालक आम्ही रोज बघतो. तुमच्यावर जरा काम पडलं तर एवढं काय?

निपरची_आई
काका, कॉफीचं बोलू नका. तुमच्या पिढीने 1980 पर्यंत बायकांना गस्तीवर उभंच राहू दिलं नाही. तेव्हा कोण कॉफी पीत होतं?

आजोबा_कूजी
मी 1980 साली दादरला होतो, बाई! माझ्यावर कशाला घसरता? आणि हो, तो नियम मूर्खपणाचाच होता. झालं समाधान?

गमबूट
धागा कुठे होता, कुठे गेला.

नवा_विद्यार्थी
मी सांगतो कुठे होता. मित्रांबरोबर बाँडायला गेलो होतो. दक्षिणेकडे एक गडद पट्टा होता, तिथे लाट फुटतच नव्हती. वाटलं, हे शांत पाणी, इथेच उतरू. तो रिप होता, आत समुद्रात ओढून नेणारा प्रवाह. 'बॅकपॅकर्स एक्स्प्रेस' म्हणतात त्याला, हे नंतर कळलं. पाय टेकेनात, किनारा लांब जायला लागला. मी उलटा किनाऱ्याकडेच हात मारत सुटलो. एका मुलीने लाल ट्यूब पुढे सरकवली आणि ओरडली, "पकड आणि पोहणं थांबव!" कॉलेजातली असेल. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती म्हणे. तिला पैसे मिळतात का, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

रोखठोक
जीव वाचला, आनंद आहे. पण पोहण्याची सुरक्षित जागा दाखवणाऱ्या झेंड्यांच्या मध्ये तो पोहला असता तर प्रश्नच नव्हता. आपली मंडळी जीन्स घालून समुद्रात उतरतात, त्यात क्लबचा काय पराक्रम?

नवा_विद्यार्थी
मी शॉर्ट्समध्ये होतो. आणि त्या झेंड्यांचा अर्थ विमानतळावर कुणी सांगत नाही.

खारा_वारा
वाळूचा बांध सरकला की ते झेंडेसुद्धा उपटून दुसरीकडे लावावे लागतात. मी सकाळी तेच करतो. वाऱ्यात कापड तोंडावर फडफडतं, काठी वाळूत बसत नाही, आणि कुणीतरी विचारतं, "अहो, शॉवर कुठे आहे?" हे काम पगारी माणूसही करेल, नाही कोण म्हणतं? पण तो सोमवारी बदलून जाईल. माझ्या पोरांना इथला प्रत्येक रिप पाठ आहे.

रोखठोक
ठीक आहे, राहू देत तुमचे क्लब. पगारी लोक मात्र वाढवा आणि बार बंद करा.

खारा_वारा
बार बंद केला तर रबरी बोटीचं पेट्रोल तुम्ही भरणार का?

रोखठोक
पावती दाखवा, बघतो.