फी माफ होती, तरीही... (अनुभव धागा)

दांडियाबाजारची लेक

बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या शिक्षणनिधीची बैठक परवा झाली आणि तिथे पेटलेला वाद अजून डोक्यातून गेलेला नाही. एका गटाचे म्हणणे असे की जो अर्ज करील त्याची कॉलेजची फी मंडळाने भरावी आणि कोणाच्या घरच्या मिळकतीची चौकशी करू नये. दुसऱ्या गटाचे म्हणणे असे की निधी तुटपुंजा आहे, तेव्हा अगदी नडलेली मोजकी मुले निवडावीत आणि त्यांचा राहण्याजेवणासकट सगळा भार उचलावा. ऐकता ऐकता मला वाडीत राहणारी माझी शाळेतली मैत्रीण आठवली. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते आणि एका ट्रस्टने तिची पहिल्या वर्षाची फी भरलीही होती, तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वर्गात दिसली नाही. तिची आई लोकांकडे पोळ्या करायला जात असे. आईने अंथरूण धरल्यावर ती घरे मुलीने धरली, कारण ती सुटली असती तर घरभाडे थकले असते. ट्रस्टच्या वहीत मात्र ती त्या वर्षाची लाभार्थी म्हणूनच राहिली असणार.

म्हणून विचारते. फी माफ झाली म्हणून तुमचे शिक्षण झाले, की फी माफ असूनही कोणाचे सुटले? आपले, घरातले, शेजारचे, जे ठाऊक असेल ते लिहा.

फीखिडकीवरचे काका

मी एका कॉलेजात फी घेण्याच्या खिडकीवर निवृत्तीपर्यंत बसलो. अनुदानित जागेची फी त्या काळी इतकी कमी असे की तेवढ्यावरून परत गेलेला मुलगा मला क्वचितच दिसला. बापाने उसनवारी केली, मामाने दिली, कसेही करून ती भरली जाई. मुले गळत ती दुसऱ्या सत्रात, आणि त्यांत बहुतेक अपडाऊन करणारी असत. डभोईकडची मुले छोट्या गाडीने प्रतापनगरला उतरत, पादरा गावची एसटीने येत. प्रॅक्टिकल दुपारी उशिरा संपले की परतीची गाडी चुके, घरी पोहोचायला रात्र होई आणि पहाटे शेतात हात लावायचा राहून जाई. असे दोन महिने गेले की बाप स्वतः येऊन दाखला मागत असे. आमच्या दप्तरात अशा मुलापुढे ‘स्वेच्छेने’ असा शेरा पडे.

मकरपुरा शिफ्ट

काकांच्या म्हणण्यात माझी भर. मी आयटीआय करून मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लागलो, धाकट्या भावाला इंजिनिअरिंगची जागा मिळत होती. घरात हिशेब मांडला तेव्हा फीचा आकडा सर्वांत लहान निघाला. मोठा आकडा होता तो चार वर्षे त्याचा पगार घरात येणार नाही याचा, आणि हा आकडा कोणत्याही सरकारी अर्जात लिहायला जागा नसते. भाऊ शिकला, कारण मी रात्रपाळीचा जादा भत्ता घेत राहिलो. त्याला दोष देत नाही, पण फुकट शिक्षण म्हटले की मला हसू येते, कारण ते कोणीतरी भरलेलेच असते.

तलाठ्याच्या दारात

वरच्या तिघांशी मी अर्धाच सहमत आहे. फी लहान होती हे खरे असेल, पण सर्वांना सरसकट माफ असण्यात एक मोठी सोय आहे जी सुखवस्तू माणसाला दिसत नाही: गरिबी सिद्ध करावी लागत नाही. माझे वडील लारीवर शेव-उसळ विकत. त्यांच्या आवकीचा पुरावा काय? पगाराची चिठ्ठी नाही, बँकेत नोंद नाही. दाखल्यासाठी एका कचेरीत गेले की सांगत, आधी शपथपत्र आणा. शपथपत्र नेले की सांगत, साहेब दौऱ्यावर आहेत. प्रत्येक खेपेला लारी बंद, म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. अखेर मुदत टळली आणि मी पूर्ण फी भरली. त्याच वर्षी आमच्या वर्गातल्या एका दुकानदाराच्या मुलाला सवलत मिळाली, कारण त्याच्या वडिलांच्या सीएने कागद चोख बनवले होते. ‘खरोखर गरजू’ निवडायला बसलात की कागदात हुशार असलेलेच पुढे येतात, हे मंडळाला कळवा.

दांडियाबाजारची लेक

भाऊ, हेच बैठकीत आमच्या खजिनदारांना सांगायला हवे होते. पण मग चारचाकीतून उतरणाऱ्या मुलाची फीही आपणच भरायची का, असा त्यांचा सवाल आहे आणि तोही मला टाळता येत नाही.

तलाठ्याच्या दारात

भरा की. त्याच्या वडिलांकडून गणपतीची वर्गणी तेवढी दुप्पट घ्या.

फतेगंज ते जर्सी

हाच वाद मी गेली काही वर्षे इकडे अमेरिकेत ऐकत आहे. टेनेसी राज्याने २०१४ मध्ये कायदा करून कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची, फी माफ केली आणि त्याचे फार कौतुक झाले. त्यातली मेख अशी की बाकीची सगळी मदत वजा जाऊन फीतली जी रक्कम उरते तेवढीच राज्य देते. अत्यंत गरीब मुलांना केंद्र सरकारचे पेल अनुदान आधीच मिळते आणि कम्युनिटी कॉलेजची फी बहुधा त्यातच भागते, म्हणून त्यांच्या हाती नवे पैसे जवळजवळ पडत नाहीत. ते पडतात थोड्या बऱ्या परिस्थितीतल्या मुलांच्या पदरात. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये अशीच योजना आणली, पण वर्षाला ३० क्रेडिट, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याइतका अभ्यास, पूर्ण करण्याची अट घातली. जो मुलगा दुकानात अर्धवेळ काम करून शिकतो त्याला हे कसे जमावे? मात्र योजनेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘फुकट आहे’ हे दोन शब्द ऐकून अशी मुले अर्ज करायला येतात ज्यांच्या घरात कॉलेजचा विचारही कोणी केला नसता. आधीपासून उपलब्ध असलेली मदत त्यांना ठाऊकच नसते. म्हणून तलाठ्याच्या दारातल्या भाऊंचा मुद्दा मी खोडून काढणार नाही.

मराठी शाळेच्या बाई

कुकर लावून बसले आहे, शिट्ट्या मोजत लिहिते.

तुम्ही सगळे बारावीच्या पुढचे बोलत आहात. माझ्या वर्गातली निम्मी मुले तिथवर पोहोचत नाहीत, गणितात आणि इंग्रजीत दहावीलाच अडकतात, आणि फीमाफीचा एक रुपयाही त्यांच्या वाट्याला येत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि १९०६ मध्ये ते सबंध संस्थानाला लागू केले. त्यांनी सुरुवात कुठून केली हे पाहा. निधी माझ्या हातात दिला तर मी आठवीच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग चालवणारा चांगला शिक्षक ठेवीन आणि कॉलेजवाल्यांना नमस्कार करीन.

जुनी कागदपत्रे

बाईंचे म्हणणे दीडशे वर्षांपूर्वीच्या वादाशी जुळते. १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच विचारले होते की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग उच्च शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ वरच्या वर्गांनाच का व्हावा. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. मात्र त्यावरून ‘कॉलेजांचा पैसा बंद करा’ असे कोणी म्हणत असेल तर ते निवेदनात नाही. सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घेण्याला त्यांचा विरोधच होता. त्यांचा आणखी एक मुद्दा मंडळाने अवश्य वाचावा: शिष्यवृत्त्या केवळ स्पर्धेने देणे वरवर न्याय्य दिसले तरी ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेले नाही त्यांच्यात ते त्यामुळे पसरत नाही. आजच्या गुजरातमधल्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेला, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीला, बारावीनंतर ८० पर्सेंटाइल लागतात. ज्याला शिकवणी परवडली तो ही रेघ सहज ओलांडतो.

आता आपल्या गावचे उदाहरण. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी बडोदा संस्थानाने दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची होती. त्याआधी एल्फिन्स्टन कॉलेजात असताना दरमहा २५ रुपये मिळत. ही फीची सूट नव्हती, महिन्याचा निर्वाह होता, आणि मला वाटते महाराजांची दृष्टी तिथे दिसते. त्याबदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. त्या करारानुसार बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला आले, तेव्हा पदव्या हातात असूनही त्यांना राहायला जागा कोणी देईना. पारशी खानावळीत नाव बदलून राहिले तर तिथूनही हुसकले गेले. शिष्यवृत्तीने त्यांना न्यूयॉर्कपर्यंत पोहोचवले, पण या शहरात एक खोली मिळवून दिली नाही. पैशाने सुटणारे प्रश्न आणि न सुटणारे प्रश्न वेगळे असतात, आणि जात विचारून खोली देणारे घरमालक अजून संपलेले नाहीत.

पेइंग गेस्ट

खोलीचा विषय निघाला म्हणून लिहिते. स्वावलंबन योजनेत, आपल्या तालुक्याबाहेर शिकणाऱ्या आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी राहण्याजेवणाचे महिन्याला १,२०० रुपये, वर्षातले दहा महिने, अशी तरतूद आहे. तरतूद आहे हे चांगलेच. पण विद्यापीठाच्या आसपास त्या पैशात मेसचा डबाही महिनाभर येत नाही, खाट तर सोडाच. माझे निभावले ते एका आजींमुळे. त्यांनी संध्याकाळी सोबत करण्याच्या बोलीवर भाडे घेतले नाही. माझ्याबरोबरची मुलगी फीमाफी असूनही गावी परतली आणि तिचे लग्न झाले.

नाशिकची भाची

महाराष्ट्रात २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, आर्थिक दुर्बल, मराठा (एसईबीसी) आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क दोन्ही पूर्ण माफ आहेत. आधी निम्मी सवलत होती. माझी मावसबहीण त्यामुळेच फार्मसीला गेली, कारण तिच्या वडिलांनी दोन मुलांपैकी एकाचीच फी भरायची ठरवले होते आणि ती कोणाची हे सांगायला नको. तेव्हा फीमाफीने काहीच होत नाही असे म्हणू नका. घरात वाटणी होते तेव्हा मुलीच्या बाजूला हे वजन पडते.

मकरपुरा शिफ्ट

हे मात्र पटले. आमच्या घरात बहीण असती तर माझ्या रात्रपाळीचा भत्ता तिच्यासाठी निघाला असता की नाही, सांगता येत नाही.

मराठी शाळेच्या बाई

निघाला नसता. वरणाला फोडणी देऊन येते.

दांडियाबाजारची लेक

रविवारी पुन्हा बैठक आहे. माझा विचार असा झाला आहे की मंडळाने फीला हात न लावता प्रवास, डबा आणि भाडे यांसाठी दरमहा रक्कम द्यावी, आवकीचा दाखला मागू नये, त्याऐवजी दोघा सभासदांनी घरी जाऊन यावे. बाईंचा संध्याकाळचा वर्ग वेगळा ठराव म्हणून मांडते, खजिनदार रागावतील. काका, तुमचा अनुभव मोठा आहे, यात काय राहिले?

फीखिडकीवरचे काका

घरी जाणाऱ्या दोघांत एक बाईमाणूस ठेवा, नाहीतर आया बोलत नाहीत. दुसरे असे की एसटीच्या पासासाठी कॉलेजचे बोनाफाइड, म्हणजे तिथे शिकत असल्याचे पत्र, लागते आणि ते प्रवेश पक्का होऊन वर्ग सुरू झाल्यावर हाती येते. तोवर मुलगा रोजचे पूर्ण तिकीट काढतो. तुमची पहिली रक्कम दिवाळीत देऊ नका, प्रवेशाच्या आठवड्यातच रोख द्या. मी रविवारी साडेदहाला येतो.