गच्चीवरच्या लिंबाची फुलं गळतायत, त्यात स्लॅबची भीती

गच्चीवेडी_ऐरोली:
नमस्कार मंडळी, आमचं ऐरोलीला रो हाऊस आहे, वरची गच्ची आमचीच. तीन वर्षांपूर्वी निळा ड्रम अर्धा कापून त्यात कागदी लिंबू लावलं, आता छातीएवढं झालंय, फुलं भरपूर येतात आणि गळून जातात, आत्तापर्यंत मोजून चार लिंबं मिळाली. पावसात ड्रममध्ये दोन-दोन दिवस पाणी राहतं, खालची पानं पिवळी पडतात. मला शेवगा आणि सोनचाफापण लावायचाय पण सासरे म्हणतात स्लॅब गळेल, आणि खरंच खालच्या खोलीत एका कोपऱ्यात ओल दिसायला लागलीये. झाड काढायला जीव धजत नाही, काय करू?

वर्तकनगरचा_काका:
ताई, आधी ओलीचं बघा, झाडं नंतर. ड्रम थेट लादीवर असेल तर खालची जागा कधी वाळतच नाही, विटांवर चार इंच उचला म्हणजे झाडूपण फिरेल. भोकं तळाला असतील तर मुळांनी बुजली असणार, बाजूला तळापासून दोन बोटं वर सहा-आठ भोकं पाडा. अर्धा ड्रम म्हणजे 100 लिटर, भिजलेली माती सहज 150 किलोच्या वर जाते, तेव्हा तो स्लॅबच्या मध्यावर नको, खाली भिंत किंवा बीम असेल तिथेच ठेवा. वॉटरप्रूफिंग बघून घेतल्याशिवाय नवीन काही चढवू नका, कळकळीने सांगतोय, आमच्या बिल्डिंगमध्ये सळया गंजून प्लास्टर पडलं होतं.

नेरुळची_बाग:
काका बरोबर सांगतायत, आणि माती कमी करा ना! मी सोसायटीत झाडलेला पाला पोत्यात भरून ठेवते, रसवंतीवाल्याकडून उसाचं चिपाड आणते, ते उन्हात खडखडीत वाळवून घ्यायचं नाहीतर मुंग्या लागतात. तळाला चिपाड, वर पाला, शेणखत, ओल्या कचऱ्याचं घरचं खत आणि वर चार बोटं माती, एवढ्यात वांगी, मिरच्या, दुधी सगळं येतं आणि कुंडी मी एकटी सरकवते. दोन-तीन महिन्यांनी खाली बसतं, तेव्हा परत भरायचं. लिंबाला मात्र निम्मी तरी माती ठेवा, नाहीतर वाऱ्याने आडवं होईल. सोनचाफा कलमी घ्या, लवकर फुलतो. शेवगा गच्चीवर नकोच वाटतं, फांद्या फार ठिसूळ, जूनच्या वाऱ्यात कडाकड मोडतात.

माती_आणि_मी (कळवा):
फुलांचं सांगतो. लिंबाची बरीचशी फुलं गळतातच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण सगळीच गळत असतील तर पाण्याचं बघा. एक दिवस बादलीभर आणि मग तीन दिवस काही नाही असं केलं की फूल टिकत नाही. पाणी तोडून ताण द्यायचा तो फुलं यायच्या आधी, डिसेंबरात पानं जरा मलूल होईपर्यंत, एकदा फूल धरलं की खंड नको. खालची पानं पिवळी पडतायत ती साचलेल्या पाण्यानेच, मुळं गुदमरतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर मात्र लोह-झिंक कमी पडतंय. आणि पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर ती फुलपाखराची अळी आहे, मारू नका, मी कढीपत्त्यावर नेऊन सोडतो, तिथेही ती मजेत वाढते.

गच्चीवेडी_ऐरोली:
खूप खूप आभार सगळ्यांचे! आत्ताच ड्रम तिरका करून बघितला, तळाची दोन्ही भोकं मुळांनी गच्च बुजलीयेत, आणि ओलीचा कोपरा बरोब्बर त्याच्याच खाली येतोय. रविवारी नवरा आणि दीर मिळून ड्रम भिंतीच्या रेषेत विटांवर घेतायत, वॉटरप्रूफिंगवाल्यालाही बोलावलंय, सोनचाफा त्यानंतरच. काका, भोकं अर्ध्या इंचाची पाडली तर चालतील ना?