प्रतिसाद: दोघांसाठी विमान, पण सोलापूरच्या उन्हात

बायकोसोबत फिरायला कोणतं आरव्ही (व्हॅन्स कंपनीचं, सुटे भाग घेऊन स्वतः जोडायचं छोटं विमान) घ्यावं, या प्रश्नावर वर 'मागे-पुढे बसायचं आरव्ही-८ घ्या, वेगवान आहे' असा सल्ला आलाय. विमान उत्तमच, पण बायकोसोबत दोन-तीन तास जायचं तर शेजारी-शेजारीच बसावं. नकाशा दाखवता येतो, पाण्याची बाटली देता येते, तिला मळमळतंय का हे चेहऱ्यावरून कळतं. आम्ही दोघं घरी खुर्च्या चिकटवून बसलो आणि खांद्याला खांदा लावून टेपने मोजलं: ४१ इंच. शेजारी-शेजारी बसायच्या आरव्ही-७ ची केबिन साधारण ४३ इंच रुंद, तशाच आरव्ही-१४ ची ४६. ते तीन इंच मला वेगापेक्षा मोलाचे वाटतात.

उन्हाचा मुद्दा मात्र इथे कुणीच काढला नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० फुटांवर. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५,००० फुटांवर असल्यासारखं वाटतं. धाव लांबते, चढण मंदावते. त्यामुळे दोघं, सामान आणि भरलेली टाकी धरूनच इंजिन निवडा. आणि पारदर्शक छताला सावलीचा पडदा हवाच, नाहीतर धावपट्टीवर उभ्या उभ्याच बायको वैतागेल.