अझेलियाची पानं पिवळी पडतायत, लवकर सांगा

रानजाई: दार्जिलिंगहून आणलेली अझेलिया आहे, आली तेव्हा गुलाबी फुलांनी गच्च होती, आता एक कळी नाही आणि नवीन पानं पिवळी. खतपाणी सगळं चालू आहे. प्लीज लगेच सांगा.

मुलुंडकर: कुंडीत की जमिनीत? ऊन किती? अख्खं पान पिवळं की शिरा हिरव्या?

रानजाई: कुंडीतच हो, अंधेरीत जमीन कोणाकडे आहे! शिरा हिरव्या. सकाळचं ऊन.

आजीचा_बटवा: अंड्याची टरफलं चुरून घाला ताई, माझा गुलाब बघायला या एकदा.

मुलुंडकर: अहो टरफलं अजिबात नकोत!! चुना आहे तो. हिला आंबट माती लागते, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढी माती आंबट) 4.5 ते 6, त्याच्या वर गेला की लोह मातीत असलं तरी मुळांना घेता येत नाही म्हणून नवी पानं आधी पिवळी पडतात. खत कोणतं? पाणी कुठलं?

रानजाई: बोनमील (हाडांचा चुरा), आणि गावाहून आणलेली चुलीची राख. पाणी सोसायटीच्या बोअरचं.

मुलुंडकर: झालं मग. तिन्ही बंद. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेल्या पानांचं खत घालून कुंडी बदला, मुळं केसासारखी आणि अगदी वरवर असतात तेव्हा खोल पुरू नका, खुरपू नका. चिलेटेड आयर्न (झाडाला सहज घेता येईल असं लोह) संध्याकाळी पानांवर फवारा. पावसाचं पाणी मिळेल तेवढं साठवा.

आजीचा_बटवा: गुलाबाला चालतं ते हिला का नाही? उगाच केमिकलं.

स्लो_लोकल: कबुतरांसाठी जाळी कोणी लावलीय का? काय रेट चाललाय?

बागुलबुवा: पानं हिरवी होतील हो, पण फुलांचं काय? कळी धरली तरी ती फुलायला काही आठवडे 10 अंशांच्या आसपास गारवा लागतो, सांताक्रूझला जानेवारीत पण रात्री 16-17 असतं. मुंबईत अनंत लावा, त्यालाही आंबट मातीच आवडते आणि वासाला तोड नाही.

रानजाई: मला अनंत नकोय, हीच जगवायचीय.

मुलुंडकर: छाटू नका एवढ्यात. फुलं गेल्यावर लगेच छाटायची असते, उशीर केला की पुढच्या कळ्याच कापल्या जातात. आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर लांब ठेवा, पानं विषारी असतात.

रानजाई: काय?? मांजर त्याच कुंडीत झोपते!

मुलुंडकर: पानं चावते का?

स्लो_लोकल: जाळी आतून लावा, मांजरपण अडेल.