निऑनच्या पाट्या: संधिप्रकाशात टिपाव्यात की काळोखात?

भटक्या
सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो थिएटरची उभी निऑन पाटी मी अनेकदा टिपली आहे. आता माझं मत पक्कं झालंय: सूर्यास्तानंतरची वीसेक मिनिटं सोडून अशा पाट्यांचे फोटो काढूच नयेत. तेव्हा आकाश गडद निळं असतं आणि पाटीच्या काचनळ्यांचा उजेड भिंतीच्या उजेडाशी जुळतो. टिमोथी फ्लूगर यांनी आखलेली ही इमारत १९२२ची, मेक्सिकोतल्या जुन्या चर्चच्या धाटणीची. निऑन त्यावर १९३०च्या दशकात चढलं. काळोखात नुसती अक्षरं उरतात, इमारत हरवते. माझा फोटो सोबत दिलाय.

रातपाळी
अजिबात पटलं नाही. पाटी लावली कशासाठी? रस्त्याच्या पार टोकावरून, अंधारात दिसावी म्हणूनच ना? संध्याकाळी ती इमारतीवरचा दागिना वाटते, रात्री ती हाक मारते. खरा घोळ एक्स्पोजरचा, म्हणजे कॅमेरा किती उजेड आत घेतो त्याचा आहे. काळोखात फोन भिंत उजळायला जातो आणि नळ्या पांढऱ्याफटक करतो. निऑनचा मूळ रंग नारिंगी-लाल. तोच उडाला तर फोटो कशाचा काढला? दोन स्टॉप खाली या, म्हणजे उजेड एक चतुर्थांश करा. भिंत बुडाली तर बुडू दे.

भटक्या
भिंत बुडवायला माझा जीव होत नाही. ओकलंडचं पॅरामाउंट बघा, १९३१चं, तेही फ्लूगर यांचंच. उभ्या पाटीच्या दोन्ही बाजूंना रंगीत टाइल्समध्ये कठपुतळ्या नाचवणाऱ्या भव्य आकृत्या आहेत. त्या काळोखात गेल्या, तर ती पाटी कुठल्याही बारची वाटेल.

काचनळी
दिवसाच्या फोटोंचं कुणी नावच घेत नाही! नळी कुठे वाकवलीय, दोन अक्षरांमधला तुकडा कुठे काळा रंगवलाय, पत्रा कुठे गंजलाय, हे उन्हातच दिसतं. नळी फुटली तर कारागिराला हेच फोटो उपयोगी पडतात. नळ्या काढून एलईडी पट्ट्या बसवल्या असतील तर तेही दिवसा जवळून लगेच कळतं.

रातपाळी
नोंद म्हणून असे फोटो हवेतच, शंभर टक्के मान्य. पण शेवटच्या खेळाला धावत येणाऱ्या माणसाला जे दिसायचं, ते त्यात नाही.

गिरगावकर
एक कामाची गोष्ट. निऑन विजेच्या लहरीबरोबर लुकलुकतं: अमेरिकेत सेकंदाला १२० वेळा, आपल्याकडे १००. शटर १/१००० सेकंद ठेवलं तर नळ्या मंद येतात, कधी फोटोत आडवे पट्टे उमटतात. मुंबईत १/५० किंवा त्याहून हळू ठेवा, तिकडे १/६०.

रातपाळी
भटक्या, तुमचा फोटो मोठा करून पाहिला. कॅस्ट्रो स्ट्रीटवर ट्रॉलीबसच्या, म्हणजे डोक्यावरच्या तारांतून वीज घेणाऱ्या बसच्या, तारा आहेत, त्या तुम्ही पुसल्यात. इमारतीसाठी एवढं भांडता आणि तिच्यासमोरचा रस्ताच खोडता?

भटक्या
तारांचं चुकलं. मूळ फोटो आज रात्री चढवतो, तारांसकट. वेळेबद्दल मात्र मत बदललेलं नाही.