चवथीची बॅग: हळदीची पानं आणू की नको? (आज रात्रीपर्यंत सांगा)

माई (सध्या म्हापशात):
मंडळी, उद्या शुक्रवारचा बाजार आणि रविवारी पहाटे गोव्याच्या मोपा विमानतळावरून युरोपला परतीचं विमान, म्हणजे ज्याला जे हवंय ते आजच लिहा. सोलां, तिरफळं, उकडे तांदूळ, काळा माडाचा गूळ घेऊन झालंय, आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बाटल्यांना टेप मारलाय. परसातली हळद कमरेएवढी आलीय, आई म्हणते चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) पातोळ्यांसाठी पानं कापून ओल्या फडक्यात बांधून देते. पण मागच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेलच. आणू का?

खजिनदार:
नको. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये ताजी फळं, भाजी, पाला आणायला फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला) लागतं. अननस, नारळ, ड्युरियन, केळी, खजूर, ही पाच फळं तेवढी सुटलीत. केळी सुटली म्हणून केळीची पानं भरू नका, ती धरतात. मागच्या वेळी कस्टमवाल्यांनी अख्खी बॅग टेबलावर रिकामी केली होती.

पुण्याच्या काकू:
मग पातोळ्यांचा हट्ट कशाला? उकडीचे मोदक करू, उकड तीच, सारण तेच, आमच्या ग्रुपला सवयही आहे.

फोंड्याचे दादा:
काकू, मोदकांना कोणाची ना नाही, पण उकड तीच नव्हे हो. पातोळीला तांदळाचं कच्चं पीठ भिजवून पानावर पसरतात, वर नारळ आणि माडाच्या गुळाचं चून, मग पान दुमडून वाफेला. पानाचा वास त्या वाफेतच पिठात उतरतो, पान नसेल तर ती पातोळीच नाही. आमच्या शेजारची ख्रिश्चन कुटुंबं १५ ऑगस्टच्या फेस्ताला करतात तीही हळदीच्याच पानात. दरवर्षी आमचा पदार्थ शेवटी मेनूतून गळतो, ते यंदा नको.

पुण्याच्या काकू:
गळत नाही, करायला माणसं येत नाहीत. सकाळी आठला हॉलवर कोण होतं गेल्या वर्षी ते विचारा.

दोतोर (डिचोली):
दादांच्या बाल्कनीत हळद आहे की! एशियन दुकानातून ओली हळद आणून मार्चमध्ये घरात कुंडीत लावली होती, मी स्वतः बघितलीय. आणि माई, सुके बांगडे आण ग. सुकी मासळी वीस किलोपर्यंत चालते, चिकन-मटण आणि दूध-तुपाचं मात्र अजिबात नाही.

खजिनदार:
चवथीच्या सामानात मासळी नको. वेगळ्या बॅगेत काय न्यायचं ते ज्याचं त्याने बघावं.

फोंड्याचे दादा:
पानं आहेत, पण शंभर माणसांना पुरणार नाहीत. एका लांब पानाच्या दोन केल्या तर नैवेद्य आणि प्रत्येकाला एक छोटी होईल. काकूंचे मोदक असू दे ताटात, त्याने काही बिघडत नाही. सकाळी आठला मी येतो.

माशेलची वहिनी:
खतखत्याचं (आपल्या मिश्र भाज्यांचं) कोण बघतंय? गेल्या खेपेला तिरफळं बियांसकट मिक्सरला लावली आणि सगळं कडू झालं. काळी बी काढून टाकायची, साल नुसती ठेचून शेवटी घालायची, वाटायची नाही. आणि तिरफळाऐवजी चायनीज दुकानातलं सेचुआन मिरं चालेल असं कोणी सुचवू नका, कूळ तेच असलं तरी ते जिभेला बधिर करतं, आपल्या खतखत्याला वेगळाच वास लागतो. माई, तिरफळं थोडी जास्त घे, वर्षभर बांगड्याच्या हुमणाला (आमटीला) आम्हाला मिळत नाहीत. सुकं खोबरं मात्र बॅगेत घालू नकोस, तेलामुळे पेट घेतं म्हणून आमचं काउंटरवरच काढून घेतलं होतं.

माई:
बरं, पानं आणत नाही, आईला वाईट वाटेल पण सांगते. दादा, पानं कार्यक्रमाच्या शनिवारी सकाळीच कापा, आदल्या दिवशी कापून फ्रीजमध्ये ठेवू नका, वास जातो. खतखतं वहिनींनी स्वतः उभं राहून करावं, मी भाज्या चिरायला आहे. बांगडे वेगळ्या बॅगेत, दोतोरांनी स्टेशनवर येऊन घ्यावे. खाजंही घेते, आल्याचं, ते सगळ्यांना. तिरफळं कोणाला किती ते आज रात्री दहाच्या आत लिहा, इथली रात्र, तुमची नव्हे.